गरम खुराड्यात गोठलेला तुरा

बाहेर उणे १८ होतं. खुराड्याचं दार ओढलं तर ते चौकटीला चिकटून बसलेलं. जोर लावून उघडलं आणि आतली ओलसर, डोळ्यांना झोंबणारी हवा तोंडावर आली. बॅटरी मारून वर पाहिलं. छताच्या फळ्यांतून खिळ्यांची जी टोकं खाली आली होती, त्या प्रत्येकावर हिमाची पांढरी टोपी. प्लायवूडच्या भिंतींवर आतून पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर. आणि दांडीवर आमचा कोंबडा, तुऱ्याची तीन टोकं राखाडी पडलेली.

आठ कोंबड्या आणि हा एक. त्यांना थंडी वाजू नये म्हणून मी थंडीआधीच काय काय केलं होतं! एकेक फट फोमने बुजवली. खिडकीवर प्लास्टिक ताणलं. दाराला रबरी पट्टी लावली. वर २५० वॅटचा लाल दिवा टांगला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. मी तर नऊ झाकली होती, आणि उजाडल्यावर हे दिसलं.

माझा पहिला विचार काय होता, तर आणखी एक दिवा लावू. नशीब, त्याआधी पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी तुऱ्याबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या: चोळू नका, शेक देऊ नका. मग विचारलं, "आत भिंती ओल्या असतात का?" मी म्हटलं, ओल्या कसल्या, पांढऱ्या असतात. "मग थंडीचं नंतर बघू. आधी ते पाणी बाहेर काढा."

पाणी? मी त्या रात्री कागद घेऊन बसले. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यातलं थोडं अंड्यात जातं, बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. विष्ठेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग म्हणजे पाणीच. नऊ पक्षी धरले तर रोज दीड-दोन लिटर. खुराडं आठ फूट लांब, चार फूट रुंद, साडेपाच फूट उंच, म्हणजे आत सुमारे ५ घनमीटर हवा. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम वाफ मावते, उणे २० ला जेमतेम एक. म्हणजे शून्यालाही माझ्या अख्ख्या खुराड्यातली हवा दोन मोठे चमचे पाणी पेलू शकत नव्हती, आणि मी तिच्यात लिटरच्या हिशेबाने पाणी सोडत होते. ते जाणार कुठे? भिंतीवर, खिळ्यांवर, तुऱ्यावर. दिव्याने तर कहरच केला होता. दिवसा हिम वितळवायचं, भुसा भिजवायचा, आणि रात्री पारा उतरला की तेच पाणी पुन्हा गोठायचं.

कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि अंगावर पिसांची रजई. पिसं फुलवली की तिच्यात हवा अडकते, तीच तिची ऊब. कोरड्या थंडीत ती छान तग धरते. ओल्या हवेत मात्र उघडी कातडी, म्हणजे तुरा आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या, आधी मार खाते. आमच्याकडच्या उंच एकेरी तुऱ्याच्या पक्ष्यांनाच त्रास झाला. वायनडॉट जातीच्या दोघी होत्या, त्यांचा तुरा डोक्याला चिकटलेला. त्यांना ओरखडाही नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, ओका इथल्या मठातल्या एका ब्रदरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाँतक्लेर नावाची जात मुद्दाम अशीच घडवली, जवळजवळ तुरा नसलेली. पण कोंबडा बदलणं काही माझ्या मनाला पटेना. खुराडंच बदलायचं ठरलं.

ते हिवाळा सरल्यावर. तोवर दिवा काढला, खिडकीवरचं प्लास्टिक वरच्या बाजूने वीतभर फाडलं आणि ओला भुसा उपसला. एवढ्यानेही चार दिवसांत खिळे कोरडे झाले.

नवीन आराखड्यात एकच गोष्ट अवघड होती, पण ती समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हवा खेळायला हवी, आणि झोपलेल्या कोंबडीला वारा लागता कामा नये. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असंच मला वाटत होतं. मग लक्षात आलं की घराला वळचण असते ती उगाच नाही. उबदार ओली हवा वर चढते. तिला तिथेच, छताखालीच, वाट द्यायची. खाली भिंती घट्ट. वर झरोके, खाली निवारा, आणि मध्ये उंचीचं अंतर.

ढोबळ हिशेब असा सांगतात की पक्ष्यामागे एक चौरस फूट झरोका. म्हणजे मला नऊ हवे होते. दोन्ही लांब भिंतींवर, वळचणीखाली, सहा इंच उंच आणि सात फूट लांब अशा दोन पट्ट्या कापल्या. ते झाले सात. उरलेले दोन आढ्याखालच्या दोन त्रिकोणांत, बाहेरच्या बाजूला उतरत्या पट्ट्या लावून. मी करवत चालवत होते तेव्हा नवरा पलीकडे उभा राहून बघत होता. "अगं, एवढी भगदाडं पाडायची होती तर भिंती कशाला बांधल्या?" त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मलाही आतून धाकधूक होतीच.

प्रत्येक झरोक्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, रात्री येणाऱ्या जनावराला बाहेर ठेवत नाही. छपराची वळचण फूटभर पुढे काढली. वळचणीखालच्या दोन लांब झरोक्यांना वरून बिजागरीवर झडपा.

मग दांडी. आधीची लोखंडी पाइपची होती, चार फुटांवर. एकाच वस्तूत दोन चुका. लोखंड पायांतली ऊब ओढून घेतं, आणि एवढ्या उंचीवर बसलेल्या कोंबडीचं डोकं थेट नव्या झरोक्यांसमोर आलं असतं. आता दांडी दोन फुटांवर आहे, लाकडी, चार इंच रुंद बाजू वर करून ठेवलेली. गोल दांडीला कोंबडी बोटं वळवून धरते आणि ती बोटं पुढून उघडी राहतात. रुंद फळीवर ती पाय सपाट ठेवून वर पोट टेकते, बोटं पिसांखाली गडप. पक्ष्यामागे दहा इंच धरले तर नऊ जणांना साडेसात फूट. आठ फुटांच्या भिंतीत बसलं.

वारा लागतो की नाही हे कसं पाहायचं? धूर करून बघता आला असता, पण कोरड्या भुशात ठिणगी नको. पातळ कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. एक जाळीपाशी, एक दांडीवर कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला. वाऱ्याच्या रात्री बॅटरी घेऊन गेले. वरची फडफडत होती. खालचीही हळूच डुलत होती! अर्धा तास शोधल्यावर सापडलं: कोंबड्यांच्या ये-जा करायच्या छोट्या दाराखाली नखभर फट. तिथे पट्टी ठोकली आणि खालचा कागद स्थिर झाला.

पाण्याचं भांडं आतून काढून छप्पर असलेल्या अंगणात नेलं. रबरी घमेलं, गोठलं की पालथं घालून लाथ मारायची. दांडीखाली फळी टाकली, रात्रीची विष्ठा तिच्यावर पडते. सकाळी ती दगडासारखी गोठलेली असते आणि खरवडणीने टकाटक उडते. कडाक्याच्या थंडीने केलेला हा एकमेव उपकार. जमिनीवर लाकडाच्या भुशाची वीतभर गादी. रोज गुडघे टेकून, नाक भुशाजवळ नेऊन वास घेते. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाची मर्यादा सहसा २५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५, अशी सांगतात, पण माझ्याकडे मीटर नाही, नाक आहे. उभं राहून वास घेण्यात अर्थ नाही, कोंबडी त्या उंचीवर राहत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यातलं पहिलं हिमवादळ मात्र फजिती करून गेलं. रात्री झडपा उघड्या राहिल्या आणि पिठासारखा बारीक बर्फ जाळीतून आत शिरला. सकाळी अर्धी गादी पांढरी. बर्फ वितळायच्या आत सुपलीने भरून बाहेर टाकला. तेव्हापासून वाऱ्याच्या बाजूच्या जाळीवर गोणपाट ताणलेलं असतं, आणि वादळात त्या बाजूची झडप बंद. आडोशाची बाजू कधीच बंद करत नाही. उणे २८ च्या रात्री हात शिवशिवले होते, खोटं कशाला बोलू. झडपेची दोरी हातात घेऊन उभी राहिले आणि तशीच सोडून घरात आले.

त्या रात्री दहाला पुन्हा गेले. आत बाहेरच्यापेक्षा तीन अंश जास्त, बस. खिळे कोरडे. दांडीवरची कागदाची पट्टी निश्चल. दांडीवर पिसांचे नऊ गोळे एकमेकांना खेटून, एकाचंही बोट दिसेना. संध्याकाळी मूठभर मका जास्त टाकला होता; पचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ अंगात भट्टी चालू राहते. कोंबड्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. त्याच्या तुऱ्याची ती तीन टोकं वसंतापूर्वीच काळी पडून गळून गेली होती, त्यामुळे आता तो जरा कातरल्यासारखा दिसतो. उरलेला तुरा लालभडक आहे.

अंडी मात्र अजून गोठतात. घरट्यात तासभर राहिलं की कवच उभं तडकतं. झरोक्यांनी त्यात काही फरक पडायचा नव्हताच. घरट्याला जाड पडदा लावून पाहिला, गवत वाढवून पाहिलं. तूर्तास मीच फेऱ्या मारते, सकाळी तीन.