गेटवे: पैसे नकोत, भाग द्या

चंद्राभोवती फिरण्यासाठी आखलेल्या ‘गेटवे’ या अंतराळस्थानकाचे करार वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. नासा आणि भागीदार संस्था एकमेकांना पैसे देत नाहीत. आपला भाग स्वखर्चाने बनवायचा आणि बदल्यात अंतराळवीरांसाठी जागा घ्यायच्या, सरळसरळ साटंलोटं. कॅनडाने डिसेंबर २०२० मध्ये कॅनडार्म-३ हा रोबोटिक हात देऊ केला आणि दोन उड्डाणांत जागा मिळवल्या. त्यातली पहिली नासाच्या आर्टेमिस-२ या चांद्रमोहिमेवरची, कॅनडाचे अंतराळवीर जेरेमी हॅन्सन यांची. ‘ईएसए’ या युरोपीय संस्थेच्या वाट्याला आय-हॅब हे राहायचं मॉड्यूल, इंधन भरण्याची आणि संदेशवहनाची यंत्रणा, शिवाय अंतराळवीरांना नेणाऱ्या ओरायन यानाला वीज, हवा आणि ढकल पुरवणारी सर्व्हिस मॉड्यूल्स आली. मोबदला गेटवेकडे जाणाऱ्या तीन उड्डाणांत जागा. जपानने आय-हॅबसाठी हवा-पाण्याची यंत्रणा आणि बॅटऱ्या द्यायचं ठरलं.

प्रत्येक देशाचा पैसा त्याच्याच उद्योगात राहतो, म्हणून संसदांना हे पटवणं सोपं जातं. पण एखादा भागीदार निघून गेला तर तूट हिशेबाच्या वहीत न पडता थेट स्थानकाला भोक पडतं. अंतराळवीरांना बाहेर पडण्यासाठी लागणारा एअरलॉक रशिया देईल अशी बोलणी चालू होती, ती फिसकटली. जानेवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने तो अंगावर घेतला. मधल्या काळात बाकीची कामं अडली नाहीत, कारण एअरलॉक शेवटी जोडायचा होता. ज्याच्याशिवाय सुरुवातच होत नाही ते वीज-प्रणोदनाचं मॉड्यूल (पीपीई) आणि पहिली खोली (हालो) नासाने स्वतःकडे ठेवली. हालोचं धातूचं कवच मात्र इटलीतल्या तुरिनचं आहे. ते नासाच्या कंत्राटदाराने विकत घेतलं, करारातल्या देवाणघेवाणीत धरलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते ॲरिझोनात पोहोचलं.

खरी कसोटी सांध्यांची. डॉकिंगच्या (दोन यानं जोडण्याच्या) कड्यापासून विजेपर्यंत आणि डेटापासून उष्णता वाहून नेण्यापर्यंत सगळ्यांसाठी भागीदारांनी आधी सामायिक मानकं ठरवली. वेगवेगळ्या देशांची मॉड्यूल्स प्रथमच एकमेकांना भेटणार होती तीही चंद्राच्या कक्षेत, तेव्हा कानस घेऊन कुणी जाणार नव्हतं. वर्षातले बरेच महिने तिथे माणूसच नसणार होता, म्हणून कॅनडार्म-३ ला बरंचसं काम आपलं आपण करता यायला हवं होतं.

कक्षाही तडजोडीतून आली. ओरायनकडे चंद्राच्या जवळच्या कक्षेत शिरून परत निघण्याइतकं इंधन नाही. म्हणून लांबट कक्षा निवडली: सुमारे साडेसहा दिवसांची फेरी, चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळून झपकन पुढे आणि दक्षिणेकडे जवळपास ७०,००० किमी दूर, रेंगाळत. तिथे टिकून राहायला इंधन फार थोडं लागतं. ‘कॅपस्टोन’ या छोट्या यानाने २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे पोहोचून ही कक्षा प्रत्यक्ष वापरून पाहिली.

आता वजन, आणि इथे दुखणं जुनं आहे. पीपीई आणि हालो जमिनीवरच जोडून एकाच फाल्कन हेवी रॉकेटवर पाठवायचं ठरलं. खर्च आणि एक डॉकिंग वाचलं, पण दोघांची एकत्रित मर्यादा घट्ट झाली. अमेरिकेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने २०२४ च्या अहवालात नोंदवलं की एकत्रित वजन मर्यादेबाहेर आहे. ते कमी झालं नाही तर ठरलेल्या कक्षेत पोहोचणंही धोक्यात. अशा वेळी काही सामान मागाहून पाठवावं लागतं. मग त्या सामानावर विसंबलेल्या भागीदाराचं वेळापत्रक हलतं, चूक त्याची नसतानाही.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त गंभीर वाटते. पीपीईची नियंत्रणक्षमता ठरवताना गेटवेला जोडल्या जाणाऱ्या यानाचं जे वजन धरलं होतं, त्याच्या सुमारे १८ पट चंद्रावर उतरणाऱ्या स्टारशिप लँडरचं वजन आहे. एवढं धूड टोकाला लटकलं की सगळा जोड वळवणं आणि स्थिर ठेवणं पीपीईच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं. दोन्ही बाजूंचं गणित बरोबरच होतं. एकाचं गृहीतक दुसऱ्याच्या बदलांबरोबर बदललं नाही, एवढंच.

मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात गेटवे रद्द करण्याची सूचना आली. जुलैत अमेरिकी संसदेने उलट कायद्यानेच २.६ अब्ज डॉलर गेटवेसाठी राखले. मार्च २०२६ मध्ये मात्र नासाने गेटवे आहे त्या स्वरूपात थांबवत असल्याचं जाहीर केलं. रोखीचा व्यवहार असता तर निदान परतावा मागता आला असता. इथे भागीदाराच्या हातात राहतं ते फक्त एका विशिष्ट सांध्यासाठी बनवलेलं मॉड्यूल, आणि जागांची बोलणी नव्याने.