ईएसआय कापली जाते, पण दिवस कुठल्या नंबरावर जमा होतात?

कुपवाड एमआयडीसीत पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय'चा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, रकाना दिसला की कामगार निर्धास्त होतो. पण पैसे कापले म्हणजे विमा हातात आला असं होत नाही.

सोळा हजार पगाराला कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १२० रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५२० रुपये. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हे भरायचे असतात. आता खरी गोम बघा. जुना ठेकेदार जातो, नवा येतो आणि तुमचा जुना दहा आकडी विमा नंबर न विचारता नवाच काढतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जुन्या नंबरावर पगारी ५० दिवस जमा, नव्यावर ४०. मिळून ९० झाले, पण आजारपणाच्या भत्त्याला लागणारे ७८ दिवस एकाही नंबरावर भरत नाहीत. पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये अंथरूण धरलं तर पगाराच्या ७० टक्क्यांचा भत्ता अडकलाच. म्हणून कामावर लागताना जुना नंबर लिहूनच द्या. दोन नंबर झाले असतील तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करून ते एकत्र करून घ्या, आणि हे धडधाकट असतानाच करा.

विम्याचा लाभ कामगाराच्या हातात उशिरा पडतो, हे आजचं नाही. ब्रिटनमध्ये १९११ च्या एकाच कायद्याने आजारपणाचा विमा आला आणि काही धंद्यांपुरता बेकारीचाही. त्याच राजवटीखालच्या हिंदुस्थानात कामगार विम्याची योजना सुचवणारा आडारकरांचा अहवाल यायला १९४४ उजाडलं, तोही आजारपणापुरता. ईएसआयचा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूर आणि दिल्लीत. बेकारी भत्ता तर थेट २००५ साली आला. कामगाराच्या दोन पिढ्या त्यात निघून गेल्या, याची खंत वाटते.

आता ईएसआयच्याच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम सुटल्यावर सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा अर्जाआधी मुदत बघा. इथे घोळ होतो तो वेगळाच. काम सुटलेल्या माणसाला ठेकेदार महिनोन्‌महिने 'शून्य दिवस, रजेवर' दाखवत राहतो. कामाचा शेवटचा दिवस भरलेलाच नसतो, मग सिस्टिमच्या लेखी माणूस अजून नोकरीत! काम सुटलं त्याच आठवड्यात मालकाकडून 'नोकरी सोडली' हे कारण आणि शेवटची तारीख भरून घ्या. ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की महिनावार दिवस दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये काढून ठेवा.