बॉबकॅटचं ग्रीसिंग संध्याकाळीच : माझा अनुभव

आमच्या सोलापूरकडे लहान स्किड स्टीअर लोडरला, म्हणजे पुढे बकेट असलेल्या चारचाकी माल उचलायच्या मशीनला, सरसकट बॉबकॅटच म्हणतात, कंपनी कोणतीही असो. गळिताच्या हंगामात ही मशीन बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, असते, एरवी खडी आणि मुरमात. ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिशपेपर होतो आणि पिन-बुश (सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची नळी) घासायला लागतात. म्हणून दर 8 ते 10 तासांचं ग्रीसिंग मी चुकवत नाही, आणि तेही सकाळी नाही, काम संपल्यावर. तेव्हा पिना कोमट असतात, ग्रीस सहज शिरतं आणि दिवसभराची घाण रात्रभर बुशात बसून राहत नाही.

मशीन सपाट जागी लावायची, आर्म (बकेट उचलणारे हात) पूर्ण खाली, बकेट टेकलेली, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग प्रत्येक निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, पुसायचा. ही पायरी गाळली तर ग्रीस गन लावताच तोंडावरची माती आपण स्वतःच बुशात ढकलतो. पुसायला टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या उत्तम, आपल्याकडे त्यांची वानवा नाही.

आर्मचे मागचे पिव्होट (फिरते सांधे), आर्म उचलणाऱ्या लिफ्ट सिलिंडरची दोन्ही टोकं, बकेट वळवणाऱ्या टिल्ट सिलिंडरची दोन्ही टोकं, बकेट धरणाऱ्या क्विक अटॅच प्लेटचे पिव्होट आणि तिच्या वेज (बकेट अडकवणाऱ्या पाचरी), असा माझा क्रम ठरलेला असतो. निप्पल किती ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून मॅन्युअल बघून प्रत्येकाशेजारी लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवायचा. सगळ्यात जास्त विसरतात त्या वेज. त्या कोरड्या पडल्या की लिव्हर अर्धाच बसतो आणि बकेट निसटण्याचा धोका उभा राहतो.

बुशाच्या कडेने जुनं काळं ग्रीस येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारायचा. पण एवढ्यावर थांबलं तर काम अर्धंच होतं. पिन वजनाने बुशाच्या एका अंगाला दाबलेली असते, ग्रीस फक्त मोकळ्या अंगाने वाहतं आणि जिथे झीज होते तीच बाजू कोरडी राहते. म्हणून सीटवर बसून आर्म चार-पाच वेळा वर-खाली करायचे, बकेट आत-बाहेर वळवायची, पुन्हा खाली टेकवून इंजिन बंद करायचं आणि प्रत्येक निप्पलला आणखी दोन पंप द्यायचे. दुसऱ्या फेरीत काळं ग्रीस पुन्हा निघालेलं दिसतं. पाच मिनिटं जादा जातात, पण बुश वाचतात.

गन जड लागते आणि ग्रीस कपलरच्या (गनच्या निप्पलवर बसणाऱ्या टोकाच्या) बाजूने निसटतं, तेव्हा निप्पल चोंदलेला असतो. जोर लावत बसू नये. पान्याने निप्पल काढायचा, डिझेलमध्ये धुवायचा, आतली बारीक गोळी दाबून उसळते का बघायची, नसेल तर नवा बसवायचा. उलट गन हलकी चालते आणि काहीच येत नाही, तेव्हा गनमध्ये हवा धरलेली असते. डब्यातून ग्रीस भरताना पोकळी राहिली की हे होतं.

ग्रीस लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं), 2 नंबरचं वापरावं. मिळेल ते दुसरं मिसळू नये. दोन जातींची ग्रीसं एकत्र आली की कधी पातळ होऊन गळतात, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की ते लगेच कळतं.

एखादा निप्पल आर्म वर केल्याशिवाय सापडत नसेल तर आर्मचा लॉक लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबायचं नाही, एक पाइप फुटला की आर्म खाली येतात.

ग्रीसिंगबरोबरच चाकांचे नट आणि टायरची हवा बघून घेतो. एका बाजूची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे त्या बाजूला एक टायर नवा आणि एक झिजलेला चालत नाही, चेनवर ताण येतो. चेनकेसचं (चाकं फिरवणाऱ्या चेनच्या पेटीचं) ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलायचं. बगॅसमध्ये काम असेल तर रेडिएटर आणि सायलेन्सरभोवतीचा भुसा रोज हवेने उडवायचा, रेडिएटरला हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारायची आणि तीही इंजिन थंड झाल्यावरच. तापलेल्या सायलेन्सरवर साचलेला कोरडा भुसा पेट घेतो.