दीड जीबीची फाईल डीव्हीडीवर मावेना तेव्हा

एका घरगुती समारंभाचे दोन तासांचे चित्रीकरण मला साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशा डिस्कवर उतरवायचे होते. मूळ एमपी४ फाईल अवघी १.६ जीबीची होती, त्यामुळे ४.७ जीबीच्या डिस्कवर ती सहज मावेल, असे मी गृहीत धरले. रूपांतर पूर्ण झाले तेव्हा हाती आलेली फाईल ५.८ जीबीची होती. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड असावा असे समजून मी तेच काम पुन्हा केले, आणि आकार पुन्हा तेवढाच आला.

बिघाड कुठेच नव्हता. मूळ फाईल एच.२६४ या चित्र आवळण्याच्या नव्या पद्धतीने आवळलेली होती, तर डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकाला एमपीईजी-२ ही पद्धत लागते, आणि ही जुनी पद्धत तेवढ्याच दर्जासाठी कितीतरी अधिक जागा घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नव्या फाईलचा आकार मूळ फाईलच्या आकारावरून ठरतच नाही. तो बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) गुणिले कालावधी एवढ्यावरच ठरतो. मी वापरलेल्या एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडीसाठीची तयार मांडणी निवडली की चित्राला सेकंदाला ६००० किलोबिट आणि आवाजाला ४४८ किलोबिट धरले जातात. या दराने एका डिस्कवर सुमारे ९७ मिनिटेच बसतात, आणि माझे चित्रीकरण १२० मिनिटांचे होते.

म्हणून मी हिशेब उलटा मांडला. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून डिस्कवरील ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. त्यांना ७२०० सेकंदांनी भागल्यावर सेकंदाला साधारण ५२०० किलोबिट मिळतात. त्यातून मेनू आणि फाईलच्या बांधणीसाठी चार टक्के बाजूला ठेवले, आवाजाला १९२ किलोबिट दिले आणि चित्रासाठी सरासरी ४८०० हा आकडा पक्का केला. विंडोज संगणक हीच डिस्क ४.३७ जीबीची दाखवतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे ४.६ जीबी दिसणारी फाईल ऐन बर्निंगच्या, म्हणजे डिस्कवर उतरवण्याच्या, वेळी नाकारली जाते.

आवाजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो एलपीसीएम या न आवळलेल्या स्वरूपात ठेवला तर सेकंदाला १५३६ किलोबिट, म्हणजे दोन तासांत जवळपास १.४ जीबी, एकटा आवाजच खातो. एसी-३ या आवळलेल्या स्वरूपात १९२ किलोबिटला हेच काम पावणेदोनशे एमबीच्या आसपास होते. भाषणे आणि गप्पा असलेल्या चित्रीकरणाला एवढा दर मला पुरेसा वाटतो.

चित्राची मापे घटवून आकार कमी होईल, ही समजूतही चुकीची आहे, कारण बिटरेट तोच राहिला तर फाईलही तेवढीच राहते. मात्र चार तासांच्या चित्रीकरणाला जेमतेम २३०० किलोबिट उरतात, तेव्हा ७२० ऐवजी ३५२ पिक्सेल रुंदी घेतल्यास चित्रातले चौकोनी ठिपके कमी होतात. त्यापेक्षा दोन डिस्का किंवा ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क वापरणे मला अधिक योग्य वाटते.

नव्या हिशेबाने काम करताना मी ती ५.८ जीबीची फाईल पुन्हा आवळली नाही, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राचा दर्जा थोडा घसरतो. मूळ एमपी४ वरूनच, दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगने काम केले. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कोणत्या दृश्याला किती बिट लागतील ते तपासते आणि दुसऱ्या फेरीत ठरलेली सरासरी सांभाळून त्यांची वाटणी करते. वेळ जवळजवळ दुप्पट लागला, पण फाईल ४.६ अब्ज बाइटच्या आत आली आणि पहिल्याच डिस्कवर बर्न झाली.