एकाच बांधाचे दोन निकाल

तालुका कोर्टात बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. त्यामुळेच गेल्या जूनमध्ये एकाच साहेबांनी, एकाच दिवशी, माझ्या एका पक्षकाराच्या दोन प्रकरणांचे, एका फौजदारी आणि एका दिवाणी, निकाल दिले.

पक्षकार म्हणजे एक मावशी, विधवा. सोलापूर जिल्ह्यात थोडी कोरडवाहू जमीन. २०१९ साली दिरानं नांगरटीत बांध फोडून तिच्या रानात सरकवला. ती जाब विचारून परत फिरली आणि पाठीत खोऱ्याचा दांडा बसला. भारतीय दंड विधान, कलम ३२४ (धोकादायक हत्यारानं दुखापत) खाली गुन्हा नोंदला गेला. घटना जुनी, म्हणून नवी न्याय संहिता इथे लागली नाही. जमिनीच्या ताब्याचा दावा मी लावला.

फौजदारी खटला सरकारी वकील चालवतात. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. दांड्याच्या जप्तीला साक्षी असलेले दोन्ही पंच फितूर झाले. दांड्याच्या लखोट्यावरच्या सह्या आमच्याच, पण त्या पोलीस ठाण्यात घेतल्या, म्हणाले. अशी जखम पडूनही होऊ शकते, हे डॉक्टरांनी उलटतपासात मान्य केलं.

मग मावशी पिंजऱ्यात आली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "मारणाऱ्याला तुम्ही पाहिलं का?" तिनं पदराची गाठ मुठीत आवळून धरली होती.

"न्हाई साहेब. माझी पाठ हुती."

"तिथे आणखी कोण होतं?"

"त्याची पोरं हुती. गडी हुता."

नुसतं 'पाहिलं' म्हणाली असती तरी तिला कुणी अडवणार नव्हतं. तिनं ते म्हटलं नाही. इतक्या वर्षांच्या वकिलीत असं खरं उत्तर मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकलंय.

निकालाच्या दिवशी सकाळी दीर संशयाचा फायदा मिळून सुटला. व्हरांड्यात मावशीनं माझा हात धरला. "मंजी म्या खोटं बोलले, आसं झालं का वो मॅडम?"

नाही, मावशी. कोर्टानं तुम्हाला खोटं ठरवलं नाही, त्यानंच मारलं हे पुरतं सिद्ध झालं नाही एवढंच म्हटलं. मी तीनदा समजावलं. तिला पटलं नसावं.

दुपारी दिवाणीचा पुकारा झाला. दिराचे वकील उभे राहिले: माझा पक्षकार सकाळीच निर्दोष सुटलाय, याचा विचार व्हावा. साहेब म्हणाले, तिथे वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, इथे कुणाची बाजू अधिक संभवनीय हे पाहायचं असतं. एका कोर्टाचे निष्कर्ष दुसऱ्यावर बंधनकारक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २००५ साली इक्बालसिंग मारवाह प्रकरणात सांगितलंय.

आमचा आधार होता कोर्ट कमिशनर म्हणून नेमलेल्या भूमी अभिलेखच्या मोजणीदाराचा नकाशा. एक रेषा अभिलेखाची, दुसरी वहिवाटीची, आणि मधे चिंचोळी पट्टी, साडेतीन गुंठ्यांची. मोजणीदार मावशीसारखा पाठ फिरवून उभा नव्हता. हद्दीचे दगड त्यानं स्वतः पाहिले होते, उलटतपासात तो हलला नाही. दावा मंजूर झाला.

बाहेर आल्यावर मावशीनं एकच विचारलं, "बांध कवा घालायचा?"

अपिलाला तीस दिवस. स्थगिती मिळाली नाही तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, मग कोर्टाचा बेलीफ ताबा देणार. तिनं बोटांवर मोजलं.

"तवर प्येरणी त्योच करील की."

दरखास्तीचा मसुदा मी त्याच रात्री लिहायला घेतला.