काटा उतरला की आधी थर्मामीटर, मग पाना: जुन्या एअर रायफलीची पुढची नोंद

रायफल मागच्या नोंदीतलीच. १० मीटरची, ४.५ मिमी बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची), सिलिंडरच्या हवेवर चालणारी, बऱ्याच हातांतून फिरत बेळगावात पोचलेली. बॅरल झकास, ट्रिगर त्याहून झकास. रडगाणं एकच, हवा टिकत नाही.

काम उद्यमबागेतल्या मित्राच्या शेडमध्ये चाललंय. तो हायड्रॉलिकची कामं करतो, त्यामुळे ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), व्हर्निअर, टॉर्क रेंच (ठरावीक ताणापर्यंतच आवळणारा पाना) सगळं हाताशी. शेड मात्र पत्र्याचं. मार्चमध्ये दुपारी आत ३५ अंश सहज होतात आणि पहाटे तेच २० वर येतं. पहिला गोंधळ इथूनच सुरू झाला. दुपारी २०० बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) ठेवलेला सिलिंडर सकाळी १९० दाखवायचा. शेडमधला एक पोरगा लगेच मोठा पाना घेऊन हजर. मित्र खेकसला, "आवळून काय होणार रे? रबर हाय आत. साकु की तेवढं." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे.

हिशेब साधा आहे. बंद भांड्यातल्या हवेचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३५ अंश म्हणजे ३०८ केल्व्हिन, २० अंश म्हणजे २९३. २०० ला २९३ ने गुणून ३०८ ने भागलं की १९० येतात. म्हणजे तो सिलिंडर कणभरही गळत नव्हता. तेव्हापासून वहीत दाबाशेजारी तापमानाचा रकाना आहे. भरल्या भरल्या घेतलेला आकडा तर मी लिहीतच नाही, कारण हवा दाबताना तापते आणि सिलिंडर गार होईपर्यंत काटा आपोआप खाली येतो.

तरीही खरी गळती होतीच. तापमान सारखं असतानाही काटा उतरायला लागला, तेव्हा शोध सुरू केला. मॅच रायफलीत, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीत, एक सोय चांगली असते. सिलिंडरला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो आणि काटाही बहुतेक त्याच्याच टोकाला. सिलिंडर रायफलीवरून उतरवून रात्रभर वेगळा ठेवायचा. सकाळी दाब तोच असेल तर सिलिंडर निर्दोष, चोर रायफलीत. आमचा चोर रायफलीत निघाला. मग सिलिंडर परत चढवून, पेलेट (एअर रायफलीची शिशाची गोळी) न घालता, बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. सिलिंडर जिथे बॉडीत शिरतो तिथे बारीक बुडबुडे आले. बॅरलच्या तोंडावर रबरी फुगा चढवून पाहिला, तो फुगला नाही, म्हणजे फायरिंग व्हॉल्व्हची (ट्रिगर दाबल्यावर हवा सोडणाऱ्या झडपेची) सीट, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते ती जागा, ठीक आहे. ते बरं झालं, कारण ती सीट बदलायची तर अर्धी रायफल उघडावी लागली असती.

आता आवळण्याबद्दल, कारण इथेच सगळ्यांचे हात शिवशिवतात. पाण्याच्या किंवा कॉम्प्रेसरच्या लाइनीत निमुळता आटा असतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळलं की आटाच आट्यात रुतून गळती बंद होते. रायफलीत आटा सरळ असतो, तो फक्त भाग धरून ठेवतो. हवा अडवते ती ओ-रिंग, आणि तिला दाबते ती हवाच. दाब जितका जास्त, तितकी रिंग खाचेच्या भिंतीला चिकटते. धातूला धातू टेकल्यावर पुढे कितीही पाना फिरवला तरी रिंगेला त्याचा पत्ताही लागत नाही. खराब होतो तो आटा. सिलिंडर हातानेच बसवायचा असतो, हाताने गळतो म्हणजे पान्यानेही गळणार.

बदलायची ती रिंग, आणि तिचं माप. इथे बराच वेळ गेला, पण मजा आली. काढलेली रिंग चपटी झालेली, म्हणून तिच्यावरून माप घेण्यात अर्थ नव्हता. खाच मोजली, खोली १.६ मिमी. २ मिमी जाडीची रिंग त्यात बसवली तर ती ०.४ मिमी दबते, म्हणजे २० टक्के. स्थिर सांध्याला रिंग १५ ते २५ टक्के दबणं चांगलं मानतात, तेव्हा हिशेब जुळला. पण हायड्रॉलिकच्या दुकानात सहज मिळते ती इंची मालिकेतली १.७८ मिमीची रिंग. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. १.७८ ची रिंग त्या खाचेत जेमतेम १० टक्के दबते. आदल्या मालकाने बहुधा तीच घातली असावी, असा मित्राचा संशय. मलाही पटतो.

कडकपणाही बघायचा. साधी नायट्राइल रबराची रिंग ७० शोअरची असते (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). २०० बारला आम्ही ९० शोअरची घेतली, कारण मऊ रबर फटीत ढकललं जाऊन कडेने कुरतडतं. दुसरं म्हणजे मऊ रबरात दाबाखाली हवा मुरते, आणि दाब एकदम सोडला की आतून फोड येतात. म्हणून हवा सोडायची ती हळूहळू. आणि सिलिंडर काढून, उरलेली हवा जाऊ दिल्याशिवाय रायफलीचा एकही स्क्रू उघडायचा नाही. यावर वाद नको.

नायट्राइलला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर दिसेल न दिसेल इतकंच. शिलाई मशीनचं तेल, ऑटोचं ग्रीस, डब्लूडी-४० यांना या बाजूला प्रवेश नाही. जास्त दाबाची हवा झटकन भरताना इतकी तापते की खनिज तेल डिझेल इंजिनातल्यासारखं पेटू शकतं.

नवी रिंग बसली, बुडबुडे थांबले. स्टॉकचे (रायफलीच्या दस्त्याचे) स्क्रू मात्र टॉर्क रेंचनेच, माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्यावर. तिथे आवळणं खरोखर महत्त्वाचं असतं, कारण दोन स्क्रूंचा ताण बदलला की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा पेलेटांचा पुंजका, सरकतो.

पावसाळ्याची एक गोष्ट हातपंपवाल्यांसाठी. २५ अंशांना ओलाव्याने भरलेल्या हवेत घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. २०० मिलीचा सिलिंडर २०० बारला भरायला ४० लिटर हवा लागते. म्हणजे प्रत्येक भरणीत पंपातून जवळजवळ एक ग्रॅम पाणी जातं. जुलैत बेळगावची हवा तशीच असते, आणि खानापूरकरांना तर मी काय सांगणार! पंपाला सिलिका जेलचा फिल्टर लावा आणि मधूनमधून पंपाची हवा सोडत जा. सिलिंडरवरची मुदतही वाचा. ती बऱ्याचदा १० वर्षांची असते आणि जुन्या रायफलीत उलटून गेलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर चांगला दिसतो म्हणून भरू नका.

परवान्याचं विचारणाऱ्यांना: ०.१७७ इंच (४.५ मिमी) बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. हिची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या शेजारच्या राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकल्यापासून मला बरेच जण विचारतात. त्याचा प्रकार ५० मीटरचा, .२२ काडतुसांचा. तिथला कायदा वेगळा.

उरलंय ते रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरचा दाब उतरवून फायरिंग व्हॉल्व्हला सारखा दाब देणाऱ्या भागाचं. रायफल थोडा वेळ पडून राहिली की पहिला पेलेट क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १७६ मीटर प्रति सेकंद जातो, पुढचे १७० वर स्थिरावतात. म्हणजे रेग्युलेटरची सीट नीट बंद होत नाही आणि पलीकडचा दाब हळूहळू चढतो. १० मीटरवर या फरकाने पेलेट सुमारे एक मिलिमीटर वर लागतो. दशांश गुणांत एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर, तेव्हा चार दशांश एका फटक्यात गेले. तोवर मॅचआधी पेलेट न घालता एक-दोनदा नुसती हवा सोडून दाब उतरवतो आणि मगच पेलेट घालतो.

सीट मागवली आहे. ती येईपर्यंत निपाणी किंवा गडहिंग्लजकडच्या कुणाकडे २ मिमी जाडीच्या, ९० शोअरच्या सुट्या रिंगा असतील तर कळवा. इथे अख्खं पाकीटच घ्यावं लागतं.