कडुलिंबाचा चौरंग

आमच्या मंडळाचा गणपती म्हटलं की मला आधी अंगणातला कडुलिंब आठवतो. बडोद्यात दांडिया बाजारजवळ आमचं मंडळ, दहा दिवस सगळं त्या झाडाखालीच चालायचं, आरती, हळदीकुंकू, पोरांची नाटकं, संगीत खुर्ची, आणि पाऊस आला की खिरापतीचं पातेलं उचलून सगळ्या काकू ओसरीकडे पळायच्या. आजी लग्न होऊन आली तेव्हाही ते झाड एवढंच मोठं होतं म्हणे.

३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या, त्याच रात्री झाड पडलं. सकाळी आम्ही गुडघाभर पाण्यात उभे, कोणी बोलेचना. लाकूड वखारीत द्यायचं चाललं होतं तेव्हा अण्णा म्हणाले, बाप्पा इतकी वर्षं याच्या सावलीत बसला, आता याच्यावर बसू दे. त्या वर्षी मांडव घातला तर वर नुसतं आभाळ, बघवत नव्हतं हो.

मिस्त्रीकाका गुजराती. खोडावर थाप मारून म्हणाले, "लीमडो छे, ऊधई नहीं लागे." वाळवीची काळजी नाही, पण घाई करायची नाही, ओलं लाकूड पुढे वाकतं. फळ्या पाडल्या, टोकांना शेणमाती लिंपली म्हणजे तिथून भराभर वाळून चिरा पडत नाहीत, आणि मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी रचली. मग कोरोना, २०२० आणि २०२१ ला आरती आपापल्या घरी, आणि फळ्या मात्र ओसरीत निवांत वाळत होत्या.

२०२२ च्या उत्सवाआधी चौरंग झाला. रंधा मारताना भुसा इतका उडायचा की ओठ कडू व्हायचे. एका फळीत करवत खटकन अडली, आत गंजका खिळा! आरतीचा भोंगा टांगायचो तोच असणार. खिळा काढला, पण लोखंडाचा निळा-काळा डाग लाकडात उतरला होता. मिस्त्रीकाका फळी बदलतो म्हणाले, आम्ही सगळे एका सुरात नको.

आता पहिल्या दिवशी चौरंगावर कापड अंथरायच्या आधी पोरांना तो डाग बघायचा असतो. गेल्या वर्षी माझ्या लेकीनं त्यावर बोट घासलं आणि हळूच चाटून बघितलं, अजून कडू लागतं का ते.